‘सुपीरियर’ : एका विशेषणाचे कूळ आणि मूळ

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. प्रथम वर्षाच्या वर्गाला विशेषणांची तुलना शिकवताना एक नियम दरवर्षी सांगावा लागतो. ‘बेटर’, ‘टॉलर’ यांच्यापुढे ‘दॅन’ येतो. पण ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’, ‘सीनियर’, ‘ज्युनिअर’ यांच्यापुढे ‘टू’ येतो. ही विशेषणे लॅटिनमधून येतानाच तुलना पोटात घेऊन आली. ‘सुपेरुस’ म्हणजे वरचा आणि ‘सुपीरियर’ म्हणजे त्याहून वरचा. ‘इन्फेरुस’ म्हणजे खालचा आणि ‘इन्फीरियर’ म्हणजे त्याहून खालचा. म्हणून त्यांच्यामागे ‘मोअर’ लावायचे नाही. एवढे सांगून मी पुढे जात असे. परीक्षेत एक गुण मिळवून देणारा नियम, यापलीकडे त्याची किंमत मला वाटत नव्हती.

मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, अमका सुपीरियर आहे एवढंच म्हटलं आणि कोणापेक्षा ते सांगितलंच नाही, तर वाक्य बरोबर की चूक?’’ मी म्हणालो, व्याकरणाने बरोबर आहे. वर्ग संपला. पण प्रश्न संपला नाही. वाक्य व्याकरणाने बरोबर असेल, पण ते खरे आहे काय? ज्याच्यापेक्षा वरचा आहे तो खालचा माणूस वाक्यातून गाळून टाकला, म्हणजे वरचा आपल्याच गुणाने वर बसलेला आहे असे दिसू लागते. आपल्या समाजाचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी बव्हंशी अशीच वाक्ये लिहिली. प्रस्तुत लेखात या एका विशेषणाचा आपल्या भागातला प्रवास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१

आमचे मूळ गाव सिन्नर तालुक्यात. आजोबा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. तीत बाबासाहेबांचा एक चौकटीतला फोटो, काही पावत्या, आणि जमिनीचे जुने उतारे होते. एका उताऱ्यावर ‘इनाम वर्ग ६ ब’ असा शेरा होता. लहानपणी आम्ही त्या तुकड्याला नुसते ‘हाडकी’ म्हणत असू. हाडकी-हाडोळा म्हणजे महार वतनाची जमीन हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. पण सहा काय आणि ‘ब’ काय, हे मात्र घरात कोणालाच माहीत नव्हते.

इंग्रज सरकारने इनामांची प्रतवारी लावली होती. राजकीय इनामे वरच्या वर्गात. मग व्यक्तिगत इनामे, देवस्थाने, परगण्याचे वतनदार, मग पाटील-कुलकर्णी. सहाव्या वर्गात गावचे सेवक. त्यांचेही दोन भाग : रयतेच्या उपयोगाचे ते ‘अ’ आणि सरकारच्या उपयोगाचे ते ‘ब’. महार सरकारच्या उपयोगाचा, म्हणून ६ ब. मुंबई इलाख्याचा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा १८७४ सालचा. त्या व्यवस्थेत पाटील-कुलकर्ण्यांच्या खालच्या दर्जाचे जे गावकामगार, त्यांच्या वतनांना इंग्रजीत जे विशेषण कायमचे चिकटले ते ‘इन्फीरियर’.

पाच वर्षांनी, १८७९ साली, मुंबईचा जमीन महसूल कायदा आला. त्यात ‘सुपीरियर होल्डर’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. तिचा मथितार्थ असा : ज्या जमीनधारकाला दुसऱ्या जमीनधारकांकडून खंड किंवा सारा घेण्याचा हक्क आहे तो सुपीरियर, आणि ज्याला तो द्यावा लागतो तो इन्फीरियर. वाचताना मला वर्गातल्या त्या मुलीची आठवण झाली. साहित्यिक लपवतात ते कायदा लपवू शकत नाही, कारण कायद्याला वसुली करायची असते. सुपीरियर कोण? जो इन्फीरियरकडून घेतो तो. त्याच्या अंगी विद्या असावी, शौर्य असावे, आचार असावा अशी एकही अट व्याख्येत नाही. देणारा काढून टाकला तर घेणारा उरतच नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही व्याख्यांच्या कलमात ही जोडी कायम राहिली.

हा शब्द इंग्रजांनी आपल्यासाठी नव्याने घडवला असेही नाही. स्कॉटलंडच्या सरंजामी जमीनपद्धतीत जमिनीच्या वरच्या मालकाला ‘सुपीरियर’ असेच म्हणत, आणि खालचा धारक पिढ्यान् पिढ्या त्याला देणे लागे. ती पद्धत तिथल्या संसदेने २००० साली कायदा करून मोडली आणि २८ नोव्हेंबर २००४ रोजी ती प्रत्यक्षात संपली. म्हणजे ज्यांच्या देशातून हा शब्द आला त्यांच्या घरातही तो एकविसाव्या शतकापर्यंत जमिनीला चिकटून होता.

२

आता वतनाचे काम काय होते ते पाहू. सरकारी सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवणाऱ्याबरोबर जाणे, सांगावे नेणे, सीमा राखणे, येसकराची काठी घेऊन वेशीवर राहणे, अंमलदार आला की त्याच्या दिमतीस उभे राहणे, मयताची बातमी परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे. मोबदला म्हणजे हाडकीचा तुकडा, बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर. बावन्न हक्कांची भाषा मोठी. हातात येणारे मात्र शिळे.

बाबासाहेबांनी या दुखण्यावर १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बोट ठेवले. १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मांडले. वतनदाराला ठरलेला रोख पगार मिळावा, बलुत्याचे रूपांतर पैशातल्या करात व्हावे, ज्याला वतनातून मोकळे व्हायचे त्याला मोकळे होता यावे, असा त्याचा रोख होता. त्यांचा मुख्य मुद्दा असा की हे काम एका माणसावर नाही, साऱ्या घरावर, किंबहुना साऱ्या जातीवर लादलेले आहे. मुलगा घरी नसेल तर बापाला उभे राहावे लागते, आणि वेळेची मर्यादा तर नाहीच. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले, त्याचे मूळ रूप राहिले नाही आणि १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. इलाख्याच्या तिजोरीवर भार पडेल ही सबब पुढे होती. सुपीरियर असण्याचा खर्च इन्फीरियरच सोसत होता, आणि तो बंद झाला असता तर सरकारला पदरचे पैसे मोजावे लागले असते, एवढाच त्याचा अर्थ.

याच काळात इंग्रजांनी ‘सुपीरियर’ हे विशेषण दुसऱ्या टोकाला कसे वापरले तेही पाहण्यासारखे आहे. वरच्या सनदी नोकऱ्यांच्या पगारांचा व भरतीचा विचार करण्यासाठी १९२३ साली जे रॉयल कमिशन नेमले, ज्याला आपण ली कमिशन म्हणतो, त्याच्या नावातच ‘सुपीरियर सिव्हिल सर्व्हिसेस’ असे शब्द होते. त्याच सरकारच्या सेवानियमांत शिपाई, हमाल, पट्टेवाला यांची नोकरी ‘इन्फीरियर सर्व्हिस’ म्हणून नोंदली जात होती. स्वातंत्र्यानंतर ‘इन्फीरियर’ जाऊन ‘वर्ग चार’ आला, पुढे ‘गट ड’ आला. शब्द बदलत गेला. खुर्चीमागे पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहणारा माणूस किती बदलला, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या कचेरीत शोधावे.

पण या सरकारी शिडीच्या शेजारी एक दुसरी, जुनी शिडी उभी होती. बडोद्याला १९१७ साली काय घडले ते सर्वांना माहीत आहे. परदेशातील विद्यापीठांत शिकून आलेले आंबेडकर संस्थानच्या नोकरीत अधिकारी म्हणून रुजू झाले आणि कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकू लागला. सरकारी शिडीवर शिपाई ‘इन्फीरियर’ होता. पण त्याच्या मनातल्या शिडीवर तो ‘सुपीरियर’ होता, आणि त्याला ती शिडी अधिक खरी वाटत होती. कोल्हापुरात १८९९ पासून वेदोक्त प्रकरण उभे राहिले त्याची जातही हीच. राज्याच्या शिडीवर छत्रपती सर्वांत वर. पण त्यांच्याच पुरोहिताने त्यांना पुराणोक्त मंत्रांच्या पायरीवर बसवले. एका ठिकाणी पट्टेवाला, एका ठिकाणी पुजारी. दोघांनाही आपले श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी काहीच करून दाखवावे लागले नाही.

हुद्दा मिळवावा लागतो आणि तो जातोही. गुण दाखवावा लागतो. जन्माने मिळालेला वरचेपणा मात्र मिळवावा लागत नाही, दाखवावा लागत नाही आणि गमावताही येत नाही. ‘सुपीरियर’ या एकाच शब्दात हे तिन्ही अर्थ राहतात, आणि तिसऱ्याला पहिल्या दोघांची अब्रू उसनी मिळते, ही या शब्दाची खरी अडचण आहे.

३

हे विशेषण मराठीत आले तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. तिच्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही, म्हणून थोडे व्याकरणात शिरतो. संस्कृतात तुलनेच्या दोन पायऱ्या आहेत. ‘तर’ आणि ‘ईयस्’ या प्रत्ययांनी दोहोंमधली तुलना होते, ‘तम’ आणि ‘इष्ठ’ यांनी सर्वांमधली. ‘श्रेयस्’ म्हणजे दोहोंत चांगले, ‘श्रेष्ठ’ म्हणजे सर्वांत चांगले. ‘कनीयस्’ म्हणजे दोहोंत लहान, ‘कनिष्ठ’ म्हणजे सर्वांत लहान. ‘वरिष्ठ’ हाही ‘इष्ठ’ लागूनच झालेला शब्द. ‘उरु’ म्हणजे विस्तीर्ण, त्याची ही शेवटची पायरी. हे व्याकरण मी नोकरीला लागल्यावर शिकलो. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, त्यांना पर्शियन घ्यावी लागली. मला कोणी अडवले नाही, पण आमच्या शाळेत ते शिकवायलाच कोणी नव्हते.

मुद्दा असा की इंग्रजी ‘सुपीरियर’ ही दोहोंमधली तुलना आहे. तिच्यात समोरचा माणूस गृहीत आहे. मराठीत तिच्यासाठी ‘श्रेष्ठ’ आणि ‘वरिष्ठ’ हे शब्द आले; ते मुळात शेवटच्या पायरीचे, ज्यांना समोर कोणी असण्याची गरजच नाही असे. ‘श्रेष्ठ कुळ’, ‘श्रेष्ठ वर्ण’ म्हटले की ‘कोणापेक्षा?’ हा प्रश्न जिभेवर येतच नाही. आज आपण ‘अधिक श्रेष्ठ’, ‘सर्वश्रेष्ठ’ असे म्हणतो, म्हणजे मूळ प्रत्ययाची जाणीव उरलेली नाही. पण प्रश्न बंद करण्याची त्याची ताकद उरलेली आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. इंग्रजीत ‘ज्युनिअर’ आणि ‘इन्फीरियर’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोघांनाही आपण ‘कनिष्ठ’ म्हणतो. ‘सीनियर’ आणि ‘सुपीरियर’ या दोघांनाही ‘वरिष्ठ’. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध राज्यात आल्यापासून, म्हणजे १९७५ नंतर, ‘कनिष्ठ महाविद्यालय’ हा शब्द घरोघरी गेला. त्यात कोणाला अपमान वाटत नाही, आणि वाटूही नये. अकरावीचा विद्यार्थी दोन वर्षांनी वरिष्ठ महाविद्यालयात जातो. कनिष्ठ लिपिक वरिष्ठ लिपिक होतो. ज्युनिअर माणूस काळाने सीनियर होतो. इन्फीरियर काळाने काहीही होत नाही. त्याचा मुलगा इन्फीरियर होतो. वतन वंशपरंपरागत होते ते याच अर्थाने. हे दोन्ही अर्थ एका ‘कनिष्ठ’ शब्दात घातल्यामुळे जन्माची नीचता वयाच्या लहानपणासारखी साधी, नैसर्गिक आणि आज ना उद्या संपणारी वाटू लागते. ती तशी नव्हती.

आपल्या लोकांच्या बोलण्यात मात्र एवढी सफाई नव्हती, आणि म्हणूनच त्यात सत्य अधिक होते. माझी आजी ‘श्रेष्ठ’ हा शब्द कधी वापरत नसे. ती म्हणे ‘वरच्या आळीचे’, ‘मोठ्या घरचे’. म्हणजे तिला जागा दिसत होती, गुण नव्हे. त्या जागेप्रमाणे बोलणे ठरत असे. वरच्या आळीला ‘जोहार मायबाप’, आणि उलट उत्तर ‘काय रे’. आजोबांपेक्षा वयाने वीस वर्षांनी लहान असलेला पोरगा त्यांना ‘अरे’ म्हणे आणि आजोबा त्याला ‘अहो’ म्हणत. इथे एकही विशेषण नाही, तरी तुलना पूर्ण आहे. पुढे ‘जयभीम’ आला. ‘जयभीम’ म्हटले की समोरच्यालाही ‘जयभीम’च म्हणावे लागते. दोन्ही बाजूंनी एकच शब्द असलेले अभिवादन आमच्या घराला प्रथमच मिळाले.

४

नाशिकच्या माणसाला या विषयात काळाराम मंदिराला वळसा घालून जाता येत नाही. २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. मिरवणूक पंचवटीत मंदिरापाशी गेली तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रिया अशी पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. ९ एप्रिलला रामाच्या रथाची मिरवणूक होती. रथ दोघांनी मिळून ओढायचा असे ठरले होते. ते मोडले आणि दगडफेक झाली. लढा कमी-अधिक जोराने पाच वर्षे चालला.

दार उघडण्याचा आग्रह हा ‘आम्हालाही वर घ्या’ असा आग्रह होता काय? त्या काळी विरोधकांनी तसेच चित्र रंगवले. वास्तविक बाबासाहेबांनी सत्याग्रहाच्या आरंभीच सांगितले होते की देवळात गेल्याने आपले सारे प्रश्न सुटणार नाहीत. समोरचा हिंदू आपल्याला माणूस मानायला तयार आहे काय, याची ही परीक्षा आहे. परीक्षा पाच वर्षे घेतली. उत्तर आले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. माझ्या समजुतीप्रमाणे काळाराम ते येवला हा प्रवास शिडीवरची एक पायरी मागण्यापासून शिडीच नाकारण्यापर्यंतचा प्रवास आहे. खालच्या पायरीवरचा माणूस वर गेला तर शिडी पडत नाही. तो शिडी सोडून जमिनीवर उतरला तर वरचा कोणाच्या वर आहे, हा प्रश्न उभा राहतो.

शिडीचे वैशिष्ट्य बाबासाहेबांनीच दाखवून दिले. आपली विषमता नुसती विषमता नाही, ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. कोणाच्या तरी खाली असल्याचे दुःख कोणाच्या तरी वर असल्याच्या सुखाने बुजवता येते, म्हणून सगळे मिळून ती मोडत नाहीत. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले यांनी जातींची नोंद सामाजिक अग्रक्रमाने करायचे ठरवले, तेव्हा काय झाले? जातीजातींच्या सभांनी आपल्याला वरची पायरी मिळावी म्हणून अर्ज केले. शिडीच काढून टाका, असा अर्ज मात्र त्यांच्यापैकी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

या संदर्भात महात्मा फुल्यांची आठवण होते. १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात, काळे लोक हीन प्रतीचे समजले जात असल्याने नागरिकत्वाचे हक्क त्यांच्यासाठी नाहीतच, असा निवाडा दिला. त्या निकालपत्रातही ‘इन्फीरियर’ हेच विशेषण आहे. पुढे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि १८७३ साली पुण्यातल्या जोतीरावांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. हजारो मैल दूरच्या ‘इन्फीरियर’ माणसाशी त्यांनी नाते जोडले. शिडीवरच्या माणसाला शेजारची पायरी दिसते. शिडी सोडलेल्याला दूरचा माणूस दिसतो.

५

वतनाकडे परत येतो. वतन जमिनींवरच्या वाढीव कराच्या विरोधात ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब तिला आले होते. माझे आजोबा तेव्हा लहान होते. बापाच्या खांद्यावरून गर्दी पाहिली एवढेच त्यांना आठवत होते, भाषण नाही. पण त्यानंतर पणजोबांनी मेलेले जनावर ओढणे सोडले, हे ते आवर्जून सांगत. त्याची शिक्षा म्हणून त्या साली खळ्यावर बलुते मिळाले नाही.

वतने अखेर कायद्याने गेली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. आपली गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. या तीन कायद्यांची नावे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात ‘कुलकर्णी’ आहे, तिसऱ्यात ‘पाटील’ आहे. मधल्यात महार नाही, रामोशी नाही. तिथे आहे ‘इन्फीरियर व्हिलेज वतन्स’, मराठीत ‘कनिष्ठ’ गाववतने. वरच्यांच्या वतनाला कोणी ‘सुपीरियर’ म्हटले नाही. त्यांना नाव होते. विशेषण फक्त आपल्याला मिळाले. घटनेचे सतरावे कलम येऊन आठ वर्षे झाली होती. कायदा चांगला होता, हेतू मुक्तीचा होता, आणि तरीही मुक्त करतानाच्या कागदावर तोच शब्द राहिला.

या कायद्याने जमीन सरकारजमा झाली आणि साऱ्याच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर ती पुन्हा वतनदाराला मिळाली. पण नव्या, अविभाज्य शर्तीवर. विकायची किंवा वाटून घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. सातबारावर म्हणून ‘भोगवटादार वर्ग २’. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही शर्त नसती तर कर्जापायी, लग्नापायी, दडपणापायी यातल्या कितीतरी जमिनी केव्हाच हातच्या गेल्या असत्या. शर्त असूनही कित्येक गेल्याच. म्हणून ‘वर्ग २’ हा शब्द दिसला की लगेच अपमान समजावा असे मी म्हणत नाही. संरक्षण म्हणूनही तो उपयोगी पडला आहे. पण ज्यांच्या घरात एका पिढीत ‘६ ब’, दुसऱ्या पिढीत ‘कनिष्ठ’ आणि तिसऱ्या पिढीत ‘वर्ग २’ असे शेरे आले, त्यांना आकडा आणि विशेषण यांतले अंतर फार दिसत नाही, हेही खरे. कायदा लागू झाला त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाड, जे तेव्हा नाशिकचे खासदार होते, भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरले होते. कारण हाडकीचा तुकडाही ज्यांना नव्हता असे लोक अधिक होते. शेऱ्यांचा वाद घालायलासुद्धा आधी सातबारा लागतो.

६

इथपर्यंत बोट दुसऱ्याकडे दाखवले. आता ते आपल्याकडे वळवले पाहिजे. महारांच्या साडेबारा पोटजाती असे आपणच म्हणत आलो. सोयरीक जुळवताना ‘आपल्यातले’ की ‘त्यांच्यातले’ हा प्रश्न बौद्ध झाल्यावरही किती घरांत विचारला जातो? मातंग वस्तीबद्दल बोलताना आपला आवाज कसा होतो? पायऱ्यांच्या विषमतेचे हेच लक्षण. शिडी सोडली असे जाहीर करून अनेकांनी खालची पायरी मात्र पायाखाली धरून ठेवली आहे.

मी स्वतःही याला अपवाद नाही. घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर एकदा सहकारी घरी जेवायला आले होते. आई ‘पानी’ म्हणाली, ‘लोनचं’ म्हणाली. मी सर्वांसमोर तिला ‘पाणी’, ‘लोणचं’ असे दुरुस्त केले. ती हसली आणि नंतर पाहुणे जाईपर्यंत काही बोलली नाही. त्या दिवशी मी माझ्या आईपेक्षा सुपीरियर झालो होतो. कशात? एका व्यंजनात. कोणाच्या मापाने? ज्यांनी आमच्या पाण्याला विटाळ मानला त्यांच्या मापाने. शिक्षणाने आपल्याला वर नेले असे आपण म्हणतो, तेव्हा वर म्हणजे कोणाच्या वर, हे एकदा विचारायला हवे.

बुद्धाच्या विचारात या रोगाचे निदान फार नेमके केलेले आहे. पाली वाङ्मयात अहंकाराला ‘मान’ म्हणतात आणि त्याचे तीन प्रकार सांगतात : मी वरचा आहे हा एक, मी बरोबरीचा आहे हा दुसरा, आणि मी हीन आहे हा तिसरा. पहिल्यासाठी शब्द आहे ‘सेय्य’, म्हणजे संस्कृत ‘श्रेयस्’च, तीच दोहोंमधली तुलना. हीनपणा हाही अहंकारच, हे ऐकून प्रथम धक्का बसतो. पण विचार केला की पटते. तिन्हींत माणूस स्वतःला दुसऱ्यावर मोजत बसलेला आहे. मग समतेचा आग्रह हाही अहंकार ठरतो काय, असे एखादा विद्यार्थी विचारील. नाही. ‘मी तुझ्याएवढा आहे’ असे घोकत राहणे वेगळे आणि ‘जन्माच्या मापाने कोणालाच मोजू नये’ असा कायदा करणे वेगळे. पहिल्यात मोजपट्टी कायम राहते. दुसऱ्यात ती मोडते. आपल्या राज्यघटनेने सतराव्या कलमात अस्पृश्यता नष्ट केली आणि लगेच अठराव्या कलमात किताब बंद केले. खालचे विशेषण आणि वरचे विशेषण एकापाठोपाठ काढले, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. न्यायालयाला मात्र घटनेने ‘सर्वोच्च’ म्हटले, ‘उच्च’ म्हटले. त्याला हरकत नाही. तिथे वरचेपणा खुर्चीचा आहे, त्याला कारणे द्यावी लागतात, आणि निवृत्तीच्या दिवशी माणूस खुर्चीतून उतरतो.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. म्हणालो, वाक्य अपुरे आहे असे समज. ‘सुपीरियर’ दिसला की तीन प्रश्न विचार. कोणापेक्षा? कशात? आणि हे ठरवले कोणी? तिन्हींची उत्तरे मिळाली तर शब्द बरोबर वापरला आहे. पहिलेच उत्तर मिळाले नाही तर तिथे कोणीतरी माणूस गाळला आहे, त्याला शोध.

वाचकांना, विशेषतः विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना, एक विनंती आहे. आपापल्या घरातल्या पेट्या उघडा. जुने उतारे, फेरफाराच्या नकला, पुनर्प्रदानाचे आदेश, साऱ्याच्या पावत्या यांच्यावरचे शेरे वाचा आणि वडीलधाऱ्यांना त्यांचा अर्थ विचारा. जे सांगतील ते लिहून ठेवा. श्रेष्ठांचा इतिहास लिहिलेला आहे. तो ज्यांच्यापेक्षा श्रेष्ठ ठरले त्यांचा इतिहास अजून पत्र्याच्या पेट्यांतच पडून आहे, आणि त्या कागदांना आता वाळवी लागते आहे.